मायनर लीगमधल्या कोवळ्या हिटरची वही कशी ठेवावी

ठाणे-नवी मुंबईत क्रिकेटवर वाढलेला कुणीही बेसबॉलकडे वळला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सरासरी किती? मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीवर, मुरलेल्या हिटरबाबत तो चालून जातो. पण एकोणीस-वीस वर्षांचं पोर मायनर लीगच्या खालच्या पायरीवर खेळत असेल, तर मे महिन्यातल्या त्याच्या सरासरीवरून जवळजवळ काहीच कळत नाही. आधी बघायचं ते तीन गोष्टींकडे. तो किती वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला, किती वेळा त्याने वॉक (चार बॉल पडल्यावर मिळणारा फुकटचा पहिला बेस) मिळवला, आणि त्या लीगमधली बाकीची मुलं त्याच्यापेक्षा किती मोठी आहेत. सरासरी त्यानंतर, बरीच नंतर. ही नजर नुसतं वाचून येत नाही, रोज हाताने नोंद ठेवून येते. त्यासाठी एक हिटर, एक मोसम आणि एक वही पुरते.

आधी पायऱ्या समजून घ्या. मेजर लीगच्या ३० संघांपैकी प्रत्येकाचे चार पूर्ण मोसमाचे मायनर संघ असतात. खालून वर जाताना सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. २०२१ च्या फेररचनेपासून असे एकूण १२० संघ आहेत. सिंगल-एच्याही खाली अ‍ॅरिझोना आणि फ्लोरिडातल्या कॉम्प्लेक्स लीग आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधली समर लीग येते. तिथे नुकतीच करारबद्ध झालेली मुलं खेळतात. आपल्याकडच्या वयोगटांच्या क्रिकेटशी याची तुलना करायचा मोह होतो, पण ती फसते. अंडर-१६ मध्ये सगळे सोळाच्या आतले असतात. सिंगल-एमध्ये मात्र अठरा वर्षांचा व्हेनेझुएलाचा मुलगा आणि कॉलेज संपवून आलेला तेवीस वर्षांचा बाप्या एकाच डगआउटमध्ये बसतात. वयाचा मुद्दा एवढा मोठा होतो तो यामुळेच.

हिटर निवडताना सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव घेऊ नका. त्याच्याबद्दल दुसऱ्यांनी इतकं लिहिलेलं असतं की तुमच्या वहीआधी त्यांचीच मतं डोक्यात बसतात. एप्रिलच्या सुरुवातीला सिंगल-एच्या रोस्टरमध्ये (संघाच्या यादीत) असलेला, १९ ते २१ वयाचा आणि रोज खेळवला जाणारा मुलगा घ्या. कॅचर (यष्टिरक्षकासारखा प्लेटमागे बसणारा) नको. गुडघ्यांना विश्रांती म्हणून कॅचरला आठवड्यातले एक-दोन दिवस बसवतात, त्यामुळे नोंदी तुटक येतात, शिवाय कॅचरची बॅट बहुधा उशिरा पिकते. जुलैच्या ड्राफ्टमधून (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीतून) नुकताच आलेलाही नको. तो हायस्कूल-कॉलेजात धातूची बॅट वापरत होता, आता लाकडाची हातात आली आहे आणि मोसमाचे दोनच महिने उरले आहेत. त्यातून निष्कर्ष काढणं त्याच्यावर अन्याय आहे.

वेळेचं गणित आपल्या बाजूचं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे ४:३५ ला लागतो. २०२२ पासून मायनर लीगमध्ये सगळीकडे पिच क्लॉक (चेंडू टाकण्यावरची वेळमर्यादा) आलं आणि सामने आटोपशीर झाले, त्यामुळे सव्वासात-साडेसातपर्यंत निकाल हातात असतो. म्हणजे ठाण्याहून वाशी-नेरूळकडे जाणारी ट्रान्स-हार्बर पकडली की त्या अर्ध्या तासात बॉक्स स्कोअर (सामन्याचा आकडेतक्ता) उघडून नोंद पुरी होते. अमेरिकेच्या मध्य भागातला सामना आपल्या पहाटे ५:३५ ला, तर पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी ७:३५ ला सुरू होतो. त्याची नोंद दुपारच्या डब्यानंतर करा. आठवड्याचं चक्रही पक्कं आहे. मंगळवार ते रविवार एकाच प्रतिस्पर्ध्याशी सहा सामने आणि सोमवारी सुट्टी. आपल्याकडे बुधवार ते सोमवार सकाळी नोंद आणि मंगळवारी हिशेब, असा ताल बसतो. सामना प्रत्यक्ष पाहायचा असेल तर रविवार गाठा. पूर्वेकडचा दुपारी १:०५ चा सामना आपल्याकडे रविवारी रात्री १०:३५ ला असतो, पहाटेचा गजर लावायला नको.

वहीची आखणी

फुलस्केप वही घ्या आणि ती आडवी धरून रकाने पाडा. तारीख अमेरिकेतली लिहा, आपली नको, नाहीतर महिन्याअखेरीस अधिकृत आकड्यांशी ताळमेळ बसत नाही. पुढचे रकाने असे: प्रतिस्पर्धी, घरचं मैदान की बाहेरचं (‘घ’ किंवा ‘बा’), पीए, एबी, हिट (फटका मारून सुखरूप बेस गाठणं), डबल, ट्रिपल, होमरन, वॉक, चेंडू लागून मिळालेला बेस, स्ट्राइकआउट, सॅक्रिफाइस फ्लाय (झेल जाऊनही धाव मिळवून देणारा उंच फटका). उजवीकडे चार बोटं रुंदीची मोकळी जागा सोडा. खरं काम त्या जागेत होणार आहे.

पीए (प्लेट अपिअरन्स) आणि एबी (अ‍ॅट-बॅट) यांतला फरक पहिल्या दिवशीच पक्का करा, कारण नवखा माणूस इथेच घसरतो. हिटर प्लेटवर आला आणि त्याची पाळी कशीही संपली तरी ती एक पीए. त्यातून वॉक, चेंडू लागणं आणि सॅक्रिफाइस वजा केले की उरतात त्या एबी. सरासरी, म्हणजे हिट भागिले एबी, एबीवर काढतात, तर वॉक आणि स्ट्राइकआउटची टक्केवारी पीएवर. दोन्हींची सरमिसळ झाली की वॉक घेणारा मुलगा विनाकारण कच्चा दिसतो.

आता ती मोकळी जागा. बॉक्स स्कोअरमध्ये स्ट्राइकआउट म्हणजे नुसता एक ‘के’. पण मायनर लीगच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रत्येक सामन्याचा चेंडूगणिक वृत्तांत असतो, तो उघडा आणि प्रत्येक चेंडूला एक अक्षर द्या. बॅट न फिरवता सोडलेला पण पंचाने दिलेला स्ट्राइक ‘क’, बॅट फिरवून हुकलेला ‘स’, बॅटला लागून रेषेबाहेर गेलेला फाउल ‘फ’, आणि स्ट्राइक झोनच्या (प्लेटवरच्या, हिटरच्या गुडघ्यांपासून छातीपर्यंतच्या चौकटीच्या) बाहेरचा, सोडून दिलेला बॉल ‘ब’. समजा, एका रात्री तुमचा हिटर दोनदा स्ट्राइकआउट झाला. पहिल्या वेळची ओळ येते: स स स. दुसऱ्या वेळची: क ब फ फ ब फ स. वर्तमानपत्राच्या लेखी दोन्ही सारखेच. वहीत मात्र पहिल्या ओळीत तीन चेंडूंत तीनदा हवेत बॅट फिरवलेला, समोर काय येतंय याचा पत्ताच नसलेला मुलगा दिसतो. दुसऱ्या ओळीत त्याने पहिला स्ट्राइक सोडून दिला, दोन स्ट्राइकनंतर दोन चेंडू फाउल करून स्वतःला जिवंत ठेवलं, एक बाहेरचा ओळखून सोडला आणि पिचरला सात चेंडू टाकायला लावले. जूनमध्ये ‘स स स’ कमी होऊन लांब ओळी वाढू लागल्या, तर सरासरी .२१० असली तरी मुलगा पुढे सरकतो आहे. आमच्या मते अख्ख्या वहीत या अक्षरांच्या ओळींइतकं मोलाचं दुसरं काही नाही. रोज पाच-सात मिनिटांचं काम आहे, ते टाळू नका.

चेंडू कुठे गेला तेही तिथेच लिहा. उजव्या हाताचा हिटर असेल तर डावीकडे खेचलेला, मध्यात किंवा उलट्या बाजूला. जमिनीवरून की हवेत. वृत्तांतात ‘शॉर्टस्टॉपकडे ग्राउंडआउट’, ‘सेंटर फील्डला फ्लायआउट’ असं स्पष्ट दिलेलं असतं. ज्याचे निम्म्याहून जास्त चेंडू जमिनीवरून जातात, त्याच्या मनगटात कितीही जोर असला तरी होमरन येत नाहीत. हे क्रिकेटच्या नेमकं उलट आहे. लहानपणापासून आपल्याला चेंडू जमिनीलगत ठेवायला शिकवतात. बेसबॉलमध्ये जमिनीवरचा चेंडू म्हणजे चार इनफिल्डरच्या हातातला घास. होमरनसाठी कोपऱ्यातली भिंतच साधारण ३३० फुटांवर, म्हणजे १०० मीटरवर असते. मध्यभागी ती ४०० फुटांच्या आसपास जाते. ठाणे स्थानकात उभ्या असलेल्या लोकलचे जवळपास सहा डबे मोजा, तेवढं ते अंतर.

हिशेब

मंगळवारी चार आकडे काढायचे. स्ट्राइकआउट टक्केवारी म्हणजे स्ट्राइकआउट भागिले पीए. वॉक टक्केवारी म्हणजे वॉक भागिले पीए. तिसरा आकडा निव्वळ ताकदीचा, त्याला आयसो म्हणतात. एकूण बेस (सिंगलला १, डबलला २, ट्रिपलला ३, होमरनला ४) भागिले एबी, त्यातून सरासरी वजा. चौथा बॅबिप, म्हणजे होमरन सोडून मैदानात खेळला गेलेला चेंडू किती वेळा हिट ठरला: हिट वजा होमरन, भागिले एबी वजा स्ट्राइकआउट वजा होमरन अधिक सॅक्रिफाइस फ्लाय.

हात बसवायला एक खरा मोसम सोडवून पाहा. १९९४ मध्ये बास्केटबॉल सोडून मायकेल जॉर्डन डबल-एच्या बर्मिंगहॅम बॅरन्सकडून खेळला. १२७ सामने, ४९७ पीए, ४३६ एबी, ८८ हिट, १७ डबल, १ ट्रिपल, ३ होमरन, ५१ वॉक, ११४ स्ट्राइकआउट. सरासरी .२०२, आणि जगाने तेवढंच लक्षात ठेवलं. आता आपल्या पद्धतीने बघा. वॉक १०.३ टक्के, म्हणजे स्ट्राइक झोनची जाण वाईट नव्हती. स्ट्राइकआउट २२.९ टक्के; आज हा आकडा सर्वसाधारण वाटेल, पण त्या वर्षी मेजर लीगचंच प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे तो पुष्कळच जास्त हुकत होता. एकूण बेस ११६, स्लगिंग (एकूण बेस भागिले एबी) .२६६, म्हणून आयसो फक्त .०६४. ८८ हिटपैकी ६७ नुसते सिंगल. बॅबिप .२६ च्या जरा वर. चेंडू जोराने लागत नसला की असंच होतं. आणि वय ३१, जेव्हा डबल-एमधला हिटर साधारण तेवीस-चोवीसचा असतो. एवढं मांडलं की चित्र लख्ख होतं. नजर होती, जोर नव्हता, आणि शिकायला वर्षं उरली नव्हती. हेच आकडे १९ वर्षांच्या मुलाचे असते, तर कोणत्याही संघाने त्याला पुढच्या वर्षी आनंदाने पुन्हा डबल-एमध्ये ठेवलं असतं.

सिंगल-एमधल्या वीस वर्षांच्या मुलासाठी आम्ही लावतो ती पट्टी अशी. स्ट्राइकआउट २० टक्क्यांच्या आत असतील तर उत्तम. २० ते २५ मध्ये असतील तर आयसो .१५० च्या पुढे हवा, नाहीतर काळजी. इतक्या खाली ३० टक्क्यांच्या वर असतील तर धोक्याची घंटा, मग होमरन कितीही असोत. वॉक १० टक्क्यांच्या वर असावेत. ५ च्या खाली असतील तर लगेच नाव ठेवू नका, आधी अक्षरांच्या ओळी बघा. पहिलाच चांगला चेंडू अचूक मारणाऱ्याला वॉक मिळायला वेळच मिळत नाही. बाहेरच्या चेंडूंवर ‘स’ साचलेले दिसले तर मात्र दुखणं खरं.

बॅबिप मेजर लीगमध्ये .३०० च्या जवळपास घुटमळतो, मायनरमध्ये किंचित वर, कारण क्षेत्ररक्षण कच्चं आणि मैदानं ओबडधोबड. तुमच्या हिटरचा बॅबिप .४०० आणि सरासरी .३४० असेल तर पेढे वाटू नका. चेंडू फटींमध्ये पडताहेत, ते पुढेही पडतच राहतील असं नाही. बॅबिप .२२० असेल तर सरासरीवरून रडूही नका.

किती थांबायचं

प्रत्येक आकडा आपापल्या वेळेलाच बोलायला लागतो. मेजर लीगच्या माहितीवर केलेल्या अभ्यासांतून जे ढोबळ टप्पे निघाले आहेत ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० पीएला, वॉकचं १२० पीएला, आयसो १६० एबीला आणि सरासरी ९१० एबीला. हा टप्पा गाठला म्हणजे आकडा कायमचा पक्का झाला असं नव्हे. तिथे पोचल्यावर जे दिसतं त्यातलं साधारण निम्मं त्या मुलाचं स्वतःचं असतं, उरलेलं नशीब आणि परिस्थिती.

रोज खेळणाऱ्या हिटरला आठवड्याला पंचवीसच्या आसपास पीए मिळतात. म्हणजे एप्रिलअखेर स्ट्राइकआउटबद्दल काहीतरी बोलता येतं, मेच्या मध्यावर वॉकबद्दल, मे संपताना ताकदीबद्दल. सिंगल-ए आणि हाय-एचा मोसम १३२ सामन्यांचा, डबल-एचा १३८, ट्रिपल-एचा १५०. सरासरीचे ९१० एबी व्हायला जवळपास दोन मोसम लागतात, आणि चांगला मुलगा एका पायरीवर तेवढा थांबतच नाही. म्हणजे मायनर लीगमधल्या सरासरीला पक्कं व्हायची सवडच कधी मिळत नाही. म्हणूनच ती शेवटी बघायची.

दर शंभर पीएला लाल शाईने आडवी रेघ मारा आणि त्या तुकड्याचे चार आकडे वेगळे काढा. एकूण बेरजेत बदल बुडून जातो, तुकड्यांत तो वर येतो. पहिल्या शंभरात ३१ टक्के स्ट्राइकआउट, दुसऱ्यात २७, तिसऱ्यात २२, असं उतरताना दिसलं तर मोसमाचा एकूण २७ टक्के हा आकडा खोटा नाही, पण शिळा आहे.

पावसाचंही ध्यानात ठेवा. कांगा लीगच्या चिखलात क्रिकेट खेळणाऱ्या आपल्या मुलखाला नवल वाटेल, पण बेसबॉल पावसात थांबतो. वाहून गेलेला सामना पुढच्या एखाद्या दिवशी जोडसामना म्हणून खेळवतात आणि मायनर लीगमध्ये ते दोन्ही सामने नऊऐवजी सात इनिंगचे असतात. त्या दिवशी तीनच पीए दिसल्या म्हणून त्याला मध्येच बाहेर काढलं असं लिहून बसू नका.

वय आणि बढती

वहीच्या कोपऱ्यात त्याचं १ जुलैचं वय लिहा आणि दर महिन्याला त्याच्या लीगमधल्या हिटरांच्या सरासरी वयाशी ताडून बघा. ढोबळ मानाने सिंगल-एमध्ये एकवीस, हाय-एमध्ये बावीस, ट्रिपल-एमध्ये सव्वीसच्या आसपास. दोन वर्षांनी लहान असलेला मुलगा लीगच्या सरासरीइतकाच खेळला, तरी तो पुढे आहे. दोन वर्षांनी मोठा असलेल्याने धुमाकूळ घातला तर त्यातून एवढंच कळतं की तो चुकीच्या पायरीवर आहे. तीच पायरी दुसऱ्या वर्षी पुन्हा खेळणाऱ्याच्या आकड्यांपुढे ‘पु’ लिहा. पेपर आधी पाहिलेला असतो.

बढती मिळाली की वहीत नवं पान घ्या. जुन्या पानाची बेरीज त्यात मिसळू नका. संकेतस्थळं मोसमाची एकत्र ओळ दाखवतात, आणि तिच्यामुळे हाय-एची कमाई डबल-एचं अपयश झाकते. नव्या पायरीवर स्ट्राइकआउट चार-पाच टक्क्यांनी वाढणं स्वाभाविक आहे. पहिल्या शंभर पीएत सगळंच ढासळलं तरी घाबरू नका. दुसऱ्या शंभरातही जर २२ चे ३२ झालेले तसेच राहिले, तर पिचरांना त्याची दुखरी जागा सापडली आहे आणि त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही.

सगळ्यात मोठी उडी डबल-एची. खालच्या पायऱ्यांवरही १५० किलोमीटरच्या वेगाने टाकणारे पिचर पैशाला पासरी आहेत, पण चेंडू कुठे जाणार हे त्यांनाही ठाऊक नसतं. त्यामुळे तिथला हिटर एक युक्ती शिकतो: थांबायचं, दोन बॉल झाले की पिचर नाइलाजाने सरळ फास्टबॉल मध्यात टाकणार, तो फोडायचा. डबल-एमध्ये दोन बॉल, शून्य स्ट्राइक असतानाही पिचर स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) टाकतो आणि तो स्ट्राइक झोनमध्ये पडतो. युक्ती संपली. याची खूण तुमच्या वहीत अशी उमटते की वॉक अचानक निम्म्यावर येतात आणि ओळींमध्ये ‘ब ब’ नंतर ‘स’ दिसू लागतो. वॉक टिकले आणि फक्त सरासरी पडली, तर तो मुलगा तगेल असं आम्ही ठामपणे म्हणू. डबल-एला उत्तर देणाऱ्याला काही संघ ट्रिपल-ए न दाखवताच वर नेतात. होसे आल्टुवे आणि माइक ट्राउट हे दोघेही २०११ मध्ये डबल-एमधूनच थेट मेजर लीगमध्ये गेले.

तिथे पोचल्यावरही पहिले शंभर पीए फसवतात. ट्राउटची २०११ मधली सरासरी १२३ एबीत .२२०. पुढच्याच वर्षी तो लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. अ‍ॅरन जज २०१६ मध्ये वर आला तेव्हा ९५ पीएत ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला, म्हणजे ४४ टक्के, सरासरी .१७९. २०१७ मध्ये त्याने ५२ होमरन मारले.

मैदान, हवा, मनगट

‘घ’ आणि ‘बा’ वेगळे का लिहायचे ते आता. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये रेनो साधारण महाबळेश्वरच्या उंचीवर आहे, अल्बुकर्की त्याहूनही वर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो आणि पिचरचा कर्व्ह नीट वळत नाही. हिटरची दुहेरी चंगळ. तिथला .३०० आणि २५ होमरन वाचताना मनातल्या मनात बरीच कपात करा. उलट फ्लोरिडा स्टेट लीग ही सिंगल-एची लीग बहुतेक मेजर लीगच्या सराव-मैदानांवर खेळली जाते. कुंपणं लांब, हवा दमट, जुलैची घामाची चिकचिक थेट आपल्यासारखी. तिथे होमरन आटतात. तिथला आयसो .१४० दुसरीकडच्या .१७० इतका मानायला हरकत नाही. घरी आणि बाहेर आयसोत मोठी तफावत असेल तर बाहेरच्या आकड्यावर विश्वास ठेवा. स्ट्राइकआउट आणि वॉक मैदानावर फारसे हलत नाहीत, हा त्यांच्यावर भिस्त ठेवण्याचा आणखी एक फायदा. ट्रिपल-एमधले वॉक मात्र जरा सांभाळून वाचा. तिथे २०२३ पासून स्ट्राइक झोनचा निर्णय यंत्राच्या मदतीने होतो आणि त्याचा परिणाम वॉकच्या आकड्यांवर झालेला आहे.

ट्रिपल-ए आणि फ्लोरिडा स्टेट लीगमधल्या चेंडूंच्या वेगाची मोजमापं बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर सर्वांना खुली आहेत. तुमचा हिटर तिथे खेळत असेल तर दोनच गोष्टी टिपा: बॅटवरून निघालेल्या चेंडूंपैकी किती १५३ किलोमीटर (९५ मैल) वेगाच्या वर होते, आणि झोनबाहेरच्या किती चेंडूंवर त्याने बॅट फिरवली. मेजर लीगमध्ये दुसरं प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास असतं. तुमच्या मुलाचं ३५ च्या वर असेल तर वरच्या पायरीवरचे पिचर त्याला झोनमध्ये चेंडू टाकायचंच थांबवतील.

एखाद्या आठवड्यात नावच दिसलं नाही तर रोस्टरमधल्या हालचाली तपासा. मायनर लीगची दुखापत यादी सात दिवसांची असते, बहुतेकदा पोटरी किंवा पाठ धरलेली असते. हॅमेट हा शब्द दिसला तर मात्र वहीत ठळक चौकट काढा. तळहातात करंगळीच्या बाजूला मनगटालगत हे चिमुकलं हाड असतं, त्याला आकड्यासारखं टोक असतं. बॅटच्या मुठीचा गोळा खालच्या हातात नेमका तिथेच रुततो आणि ते टोक मोडतं. बहुधा शस्त्रक्रिया करून तो तुकडा काढूनच टाकतात. हिटर दीड-दोन महिन्यांत परततो, सिंगल मारू लागतो, पण मनगटातला जोर परतायला त्याहून बराच वेळ लागतो. चौकटीनंतरचा आयसो त्या मोसमापुरता हिशेबात धरू नका. स्ट्राइकआउट आणि वॉक धरा, नजरेला हाडाची गरज नसते.

सप्टेंबरनंतर

मोसम सप्टेंबरात संपतो, वही संपत नाही. ऑक्टोबरपासून साधारण सहा आठवडे अ‍ॅरिझोना फॉल लीग चालते, त्यात निवडक मुलं जातात. तुमचा हिटर तिथे गेला असेल तर तो मान आहे, पण आकडे वेगळ्या पानावर ठेवा. मोसमभर राबलेले पिचर तिथे थकलेले असतात आणि वाळवंटातल्या कोरड्या हवेत चेंडू उडतो.

मग येतो नोव्हेंबर, आणि संघाला त्याच्याबद्दल खरंच काय वाटतं ते कागदावर उतरतं. १८ किंवा त्याहून कमी वयात करारबद्ध झालेल्याला पाच मोसमांत, १९ किंवा वरच्याला चार मोसमांत संघाने मेजर लीगच्या चाळीस जणांच्या यादीत घ्यावं लागतं. नाही घेतलं तर डिसेंबरच्या रूल-५ ड्राफ्टमध्ये दुसरा संघ एक लाख डॉलर मोजून त्याला उचलू शकतो, मात्र मग पूर्ण मोसम त्याला मेजर लीगच्या सव्वीस जणांतच ठेवावं लागतं. वही सुरू करतानाच त्याच्या कराराचं वर्ष आणि तेव्हाचं वय लिहा आणि त्यावरून हे नोव्हेंबर कोणत्या साली येतं ते काढून ठेवा. यादीत आला की तीन मोसम संघ त्याला वर-खाली पाठवू शकतो, त्याला ऑप्शन म्हणतात. कोणत्या वर्षी ऑप्शन वापरला तेही टिपा, कारण तिन्ही संपले की संघाला त्याला वर ठेवावं लागतं किंवा इतर संघांसमोर मांडावं लागतं.

मार्चअखेर ट्रिपल-एचे सामने सुरू होतात, बाकीचे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी नव्या पानावर त्याचं नवं वय, नवी पायरी आणि गेल्या वर्षीच्या शेवटच्या शंभर पीएचे चार आकडे उतरवून ठेवा. संपूर्ण मोसमाचे नकोत, शेवटच्या शंभरांचेच.